आलो, आले, येणं झालं

४ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी ६ वाजून २२ मिनिटं

वरची वेळ अपमानाची आहे. लिहायला बसले सव्वासातला. पण नोंद खऱ्या वेळेची हवी. छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासली, वेळ चुकवणाऱ्या माणसावर माझा विश्वास नाही.

झालं ते असं. बाहेरच्या खोलीत माझ्या शाळेतल्या दोघी मैत्रिणी चहाला आल्या होत्या. आमच्या कॉन्व्हेंटच्या बॅचमधल्या आता तिघीच धड जिना चढू शकतात. नात बापाचं दुकान बंद करून आली. पंधरा वर्षांची, हात मनगटापर्यंत तेलाने काळे. दारातूनच म्हणाली, "आलो, आजी."

मी अंगठी कपावर वाजवली. टक. एवढंच. आणि म्हणाले, "आले." शांतपणे, हसून. आमच्या सिस्टर अशीच टेबलावर अंगठी वाजवायच्या. टक म्हणजे चूक, वाक्य पुन्हा म्हणा. त्यातूनच आम्ही घडलो.

नातीने वाक्य पुन्हा म्हटलं नाही. माझ्याकडे पाहिलं, नुकत्याच काढलेल्या चपला परत घातल्या आणि जिना उतरून गेली. पाहुण्यांसमोर.

एक मैत्रीण म्हणाली, "बाप जाऊन तीनच महिने झालेत ना गं तिचा?" दुसरीने बिस्किट अर्धंच बशीत ठेवलं. जणू मी काही केलं.

ठराव: ती माफी मागेपर्यंत मी तिच्याशी बोलणार नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी

ठराव मोडला. दूध उतू जात होतं, ओरडावं लागलं. हे धरू नये.

नात म्हणाली, "मी बघीन." आणि गॅस बंद केला. कालपासून एकदाही "बघतो", "जातो", "आलो" नाही. एका टकने काम झालं. तिच्या बापाला पंधरा वर्षं समजावलं, त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

मुलाविषयी इथे फार लिहीत नाही, पण पॉइंटपुरतं. मी त्याला संपादक करायला निघाले होते. त्याने दोन गल्ल्या पलीकडे कुकर, मिक्सर आणि शेगड्या दुरुस्तीचं दुकान काढलं. पोरगी तान्ही असताना कुकरसारखी थांबून थांबून रडायची, म्हणून तिला "शिट्टी" म्हणायला लागला. एवढ्यावरच थांबला नाही. "शिट्टी, जेवलास का रे?" आता शिट्टी स्त्रीलिंगी. जेवलास पुल्लिंगी. एका वाक्यात किती म्हणून चुका काढायच्या? पोरगीही त्याला "जेवलो, बाबा" म्हणायची. मी दरवेळी टक. तो दरवेळी हसायचा, सुधारून म्हणायचा, आणि पाठ फिरली की पुन्हा तेच.

नोव्हेंबरमध्ये गेला. हृदय. चार दिवस हॉस्पिटल. हॉस्पिटलमध्ये मी एक शब्द बोलले नाही, हे नमूद करते.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी

काहीतरी गडबड आहे.

काल विचारलं, शाळेतून कधी आलीस? म्हणाली, "साडेचारला येणं झालं." येणं झालं! मंत्र्याच्या दौऱ्यासारखं. मला वाटलं, चेष्टा. पण रात्री जेवताना लक्ष ठेवलं. सुनेने विचारलं, भात घेणारेस? "नको, पोट भरलंय." दमलीस का? "दमायला झालंय थोडं." आज सकाळी मी मुद्दाम विचारलं, काल पाच वाजता कुठे होतीस? "दुकानात." आणि रात्री दहाला झोपली होतीस की जागी? "झोप लागली होती."

थोडक्यात, तिने "आलो" सोडलं, पण "आले" धरलं नाही. दोन्हीच्या मधून चालली आहे. आणि दारातून आत येताना तर काहीच म्हणत नाही. चपलांचा आवाज येतो, मग ती असते.

हा हट्ट आहे. हट्ट मी शाळेत असताना खूप पाहिले. तीन दिवस टिकतात.

९ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ११

टिकतोय.

शिवाय दुसरी बातमी. सून (दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, रविवारीच सापडते) चहा ठेवता ठेवता म्हणाली, "आई, माझी ताई म्हणतेय, आम्ही दोघींनी तिच्या गावी राहायला यावं. तिच्याकडे दोन खोल्या रिकाम्या आहेत, तिथल्या शाळेत जागाही आहे. अठ्ठावीस तारखेपर्यंत अर्ज टाकायचाय." मी विचारलं, मग? म्हणाली, "मी पोरीवर सोडलंय. ती म्हणेल तसं."

मी म्हणाले, उत्तम. मी अजिबात हलले नाही. साखर दोनदा घातली हा योगायोग.

मी निर्धास्त आहे. पोरगी कशाला जाईल? तिकडे तिचे निबंध कोण तपासणार? दुकान कोण उघडणार? बाप गेल्यावर शाळा सुटली की रोज पाच ते सहा तीच उघडते, आधीपासून शेजारी बसून सगळं शिकली आहे. आणि गेलीच, तर घर मोकळं होईल. हवा खेळेल. मला तीन खोल्या पुरून उरतील.

११ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी

आज तिला क्रियापदात पकडायचं ठरवलं. तयारी केली, प्रश्न कागदावर काढले.

पहिला: मैत्रिणीला काय म्हणालीस? "काही नाही." दुसरा: गाणं म्हणतेस की नाही हल्ली? "सवय गेली." तिसरा, हुकमाचा: माझं एक जुनं पत्र दिलं, म्हणाले, चष्मा सापडत नाही, वाचून दाखव. त्यात पहिलंच वाक्य "मी सकाळी चालत निघाले" असं होतं. तिने वाचलं, "सकाळी चालत निघणं झालं." न अडखळता. मग म्हणाली, "चष्मा डोक्यावर आहे, आजी."

आता एक गोष्ट लक्षात आली ती लिहून ठेवते, कारण ती खरोखर हुशारीची आहे. मराठीत भविष्यकाळाला लिंग नाही. येईन, जाईन, करीन, बघीन: मुलगा काय, मुलगी काय, सारखंच. भूतकाळात "मी केलं", "मी खाल्लं" यांतही बोलणाऱ्याचं लिंग दिसत नाही. "मी आहे" यातही नाही. हे सगळं तिने एकटीने शोधून काढलंय. ती आता जवळजवळ भविष्यकाळातच राहते. माझ्या हाताखाली अशी एक मुलगी असती तर पुरवण्या वेळेवर छपाईला गेल्या असत्या.

आपली नात आपल्याशी बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घेते. छापखान्यात मला हेच हवं असायचं. घरात

वाक्य पुरं करत नाही. स्वयंपाकाची वेळ झाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कुकरची शिट्टी होईना. कुकरवाल्याच्या घरात. दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे नेणार होते, पण तो स्टेशनपलीकडे बसतो आणि माझा गुडघा. म्हणून संध्याकाळी सव्वापाचला कुकर पिशवीत घालून आपल्याच दुकानात गेले. गिऱ्हाईक म्हणून. रांगेत उभी राहिले.

माझ्यापुढे एक बाई मिक्सर घेऊन होती. नात तिला म्हणाली, "बघते. मोटरचे ब्रश गेले असतील. उद्या या, करून ठेवते." बघते! ठेवते! घडाघडा. मला वाटलं, जिंकले. मग लक्षात आलं की हे तिला नवीन नाही. गिऱ्हाइकांशी ती आधीपासून अशीच बोलत असणार. तिला सगळं येतं. फक्त माझ्याशी बोलायचं नाही.

माझी पाळी आली. तिने पावतीपुस्तक ओढलं. बापाने छापून घेतलेलं (प्रूफ मीच तपासलं होतं, फुकट). वस्तू. तक्रार. कधी हवं. तिने विचारलं, "तक्रार?" मी म्हणाले, "शिट्टी बोलत नाही."

पेन थांबलं. मला म्हणायचं होतं "वाजत नाही". देवाशपथ. जीभ घसरली.

तिने झाकण उजेडाकडे धरलं, बारीक तारेने भोक टोचलं, फुंकर मारली. म्हणाली, "आत काहीतरी अडकलं होतं. दोष शिट्टीचा नाही." पावती फाडून दिली. मागे वळून ब्रशच्या डब्यात काहीतरी शोधत बसली. मी निघेपर्यंत सापडलं नाही.

पावती पाकिटात ठेवली आहे. तिचं अक्षर चांगलं आहे. माझ्यावर गेलंय.

१६ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ३

मी सुनेकडे तक्रार केली. रीतसर. म्हणाले, पोरगी मला क्रियापद देत नाही.

सून कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हणाली, "आई, तुम्हाला खरंच कळलं नाही?" मी म्हणाले, काय कळायचंय, तिला मुलगा व्हायचंय का? सून म्हणाली, "तिला काहीही व्हायचं नाहीये. ते घरात असायचे तेव्हा जिन्यात पाऊल वाजलं की आतून विचारायचे, आलास का रे? आणि ती दारातून म्हणायची, आलो, बाबा. आता विचारणारं कुणी नाही. ती नुसतं उत्तर द्यायची. ते एक उरलं होतं तिच्याकडे."

मी म्हणाले, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सून म्हणाली, "घर एक, दार एक. तुम्ही तर दाराजवळच बसता." मग घडी मोडून परत घालायला लागली आणि म्हणाली, "आणि हॉस्पिटलात..."

मी म्हणाले, मला औषध घ्यायचंय.

कान गरम झाले होते. बीपी मोजलं. नॉर्मल. मशीन बिघडलंय.

१९ फेब्रुवारी, बुधवार

ठराव: अंगठी काढून टाकायची. कुणी सांगितलं म्हणून नाही. घट्ट होते, इतकंच.

निघेना. साबण लावला. खोबरेल लावलं. बर्फ लावला. बोट सुजून लाल झालं. सिस्टरांच्या अंगठ्या कशा निघायच्या? बहुधा निघतच नसत.

दुपारी बिछान्यावर हात वर करून पडले असताना मात्र एक गोष्ट सुचली आणि उठून बसले. अनेकवचन! "आम्ही आलो." बायकाही "आलो"च म्हणतात! मी, माझ्या मैत्रिणी, सिस्टर, सगळ्या. म्हणजे "आलो" हे एका मुलीच्या तोंडी चूक, पण दोघांचं असेल तर शुद्ध. तिने ते अनेकवचनी वापरलं असं धरलं तर ती चुकली नाही, आणि मला ते माहीत नव्हतं म्हणून मीही चुकले नाही. कुणीच चुकलं नाही. प्रश्न मिटला. अर्जाला नऊ दिवस बाकी आहेत. इतके लागणार नाहीत.

उद्या दुकानात जाते. अंगठीचं निमित्त आहेच.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ७

लिहायचं मन नाही. पण नोंद हवी.

गेले. बोट दाखवलं. तिने मला बापाच्या स्टुलावर बसवलं, हात मांडीवर घेतला, बोटावर मशीनचं तेल सोडलं आणि अंगठीखालून दोरा ओवून नखाकडे घट्ट गुंडाळत गेली. कुठे शिकलीस, विचारलं. "बाबांनी दाखवलं होतं." बोटं खरखरीत, पण दोरा असा फिरवत होती की दुखेना.

मी म्हणाले, एक सांगायचंय. "आलो" शुद्ध आहे. मी तपासलं. अनेकवचन आहे ते. तुला "आम्ही दोघं आलो" असं म्हणायचं होतं ना?

तिने गुंडाळणं थांबवलं नाही. म्हणाली, "दोघं कोण, आजी?"



दोऱ्याचं दुसरं टोक ओढत तिने अंगठी वळवत वळवत पेरावर आणली. तिथे अडली. मग हळूच म्हणाली, "बाबांच्या खाटेवर पण वाजवली होतीस ही." रागाने नाही. कुकरचं कारण सांगावं तशी. अंगठी निघाली. तिने फडक्याने पुसून माझ्या हातात दिली आणि तेलाची बाटली बूच लावून जागेवर ठेवली.

घरी येताना चुकीच्या गल्लीत शिरले. चाळीस वर्षं इथे राहते.

२३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी

घरी कोणी नाही. सून आणि पोरगी अर्जासाठी फोटो काढायला गेल्या आहेत.

आज ते लिहिते. जुनी वही काढली, नोव्हेंबरचं पान. त्या दिवशी मी लिहिलंय: "शांतपणे गेला. मी काही बोलले नाही." दोन वाक्यं. एकही शुद्धलेखनाची चूक नाही. पहिलं खरं असेल.

१२ नोव्हेंबर. दुपारी ४ वाजून १० मिनिटं. खाटेच्या उशाला सून, पायथ्याला मी. पोरगी शाळेतून परस्पर आली, पाठीवर दप्तर. त्याने डोळे उघडले, तोंडावरचा मास्क बोटाने बाजूला केला आणि म्हणाला, "आलास का रे, शिट्टी?"

शेजारच्या खाटेपाशी बसलेल्या बाई बघत होत्या. सवय हो. दुसरं काही नाही. माझा हात खाटेच्या लोखंडी दांडीवर होता. टक. मी म्हणाले, "आलीस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. जन्मभर ऐकलं नाही, पण जन्मभर सुधारून म्हटलं. मुलगा चांगला होता. तो पोरीकडे वळला आणि म्हणाला, "आलीस?"

तिने तोंड उघडलं होतं. "आलो" तिथेच होतं, मला दिसलं. पण त्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. ती तशीच उभी राहिली. त्याने मास्क लावला. साडेसहाला गेला, मध्ये काही बोलला नाही.

म्हणजे तिच्याशी तो जो शेवटचा शब्द बोलला, तो माझा होता. आणि तिचं उत्तर राहून गेलं. तीन महिने ती ते रोज दारात आणून ठेवत होती, मी आत बसलेली असताना, आणि मी त्यावरही टक केलं.

सिस्टर कधी मरणाऱ्या माणसाच्या खाटेवर अंगठी वाजवत नव्हत्या. हे त्यांच्या नावावर ढकलू नये.

२६ फेब्रुवारी, बुधवार

योजना. साधी. ती जिन्यात आली की मी आतून विचारायचं: आलास का रे? तीन शब्द. चौतीस वर्षं लाखो शब्दांवरून डोळा फिरवला, तीन जमायला हरकत नाही.

सकाळी न्हाणीघराच्या आरशासमोर सराव केला. "आलास का... गं." पुन्हा. "आलीस का रे." पुन्हा. जीभ ऐकत नाही. साठ वर्षं जिला शिस्त लावली ती आता शिस्त सोडेना. अकराव्या वेळी नीट आलं, तर खालच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "कोण आलंय हो?"

संध्याकाळी पाऊल वाजलं. मी उठले, दारामागे उभी राहिले, तोंड उघडलं. बाहेर आलं ते, "चपला नीट लाव." तिने लावल्या. आधीच नीट होत्या.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

तेच. आज खोकला आला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी २

अर्ज जेवणाच्या टेबलावर आहे. नातीच्या अक्षरात. सून पाचला घरी येऊन पोस्टात नेणार आहे. सगळे रकाने भरलेत, फोटो चिकटवलाय, सहीची जागा रिकामी आहे. सून सकाळी म्हणाली, "दुकान उघडायच्या आधी करेल सही, केली तर." मी विचारलं, काय म्हणते? सून म्हणाली, "मला म्हणाली, तिकडे दारात नवीन काहीतरी बोलायला लागेल, ते शिकता येईल. इथे दारात काहीच बोलता येत नाही."

लाल पेन घेऊन मी अर्ज दोनदा वाचला. एक चूक सापडली असती तर पुन्हा लिहावा लागला असता, उद्यावर गेला असता. एकही नाही. वेलांटीसुद्धा नाही. मीच शिकवलंय तिला.

मग पत्र लिहायला बसले. पहिलं "तुझ्या वर्तनामुळे" असं सुरू झालं. फाडलं. दुसऱ्यात सिस्टर आल्या. फाडलं. तिसरं चार पानं झालं आणि त्यात सगळी माझीच बाजू होती. चौथ्यासाठी कागद उरला नाही. पाकिटात कुकरची पावती होती. तिच्या मागे मावेल तेवढं लिहिलं. आता अर्जावर, सहीच्या रिकाम्या जागेजवळ ठेवणार आहे. अंगठी वर ठेवते, वाऱ्याने उडू नये म्हणून. नोंदीसाठी इथे उतरवून घेते:

"शिट्टीस,

त्या दिवशी हॉस्पिटलात बाबाचं वाक्य बरोबर होतं. चूक मी केली. या महिन्याच्या चार तारखेला पुन्हा केली. दोन्ही वेळा तू काही चुकली नव्हतीस. अनेकवचनाचंही विसर.

तिकडे जायचं की इथे राहायचं ते तू ठरव. सही कर किंवा नको करूस, मी तपासणार नाही. पण त्या आधी एक प्रश्न आहे. तो दारातून विचारायचा होता. दोन दिवस प्रयत्न केला, तोंडाने जमत नाही, म्हणून लिहून विचारते. तो माझा नाही, त्याचा आहे. तू त्याचंच उत्तर दे.

आलास का रे?

उत्तर लेखी हवं, याच पावतीवर, आज संध्याकाळी पाच वाजायच्या आत. शुद्धलेखन तपासलं जाणार नाही."